‘जबाब द्यायला या’ असा पोलिसांचा फोन आल्यावर

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची अडचण थोडक्यात अशी आहे. त्यांचा धाकटा भाऊ लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या एका घाऊक दुकानात ६ वर्षांपासून हिशेब आणि वसुली पाहतो. मालकाने या वर्षीच्या हिशेबात ६,४०,००० रुपयांची तूट काढली, भावाला आतल्या खोलीत दोन तास बसवले आणि ‘माझ्याकडून रक्कम खर्च झाली, तीन महिन्यांत परत करीन’ असे त्याच्या अक्षरात लिहून घेतले. आता पोलीस ठाण्यातून फोन आला आहे की सोमवारी सकाळी अकराला जबाब द्यायला या. पैसे आपण घेतलेले नाहीत, असे भाऊ सांगतो. वडिलांना वाटते की वकील बरोबर नेला तर संशय उलट वाढेल, तेव्हा सरळ जाऊन खरे ते सांगून मोकळे व्हावे. ताईंनी विचारले आहे ते एवढेच, की त्याला अटक होईल का आणि मालकाला पैसे देऊन हे मिटवून टाकावे का.

मुंबईच्या फौजदारी न्यायालयांत मी २२ वर्षे मुख्यतः आरोपींच्या बाजूने काम करतो आहे, आणि अटकेचा हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न बाहेर काढावा लागतो: भावाला पोलिसांनी नेमके कोण म्हणून बोलावले आहे, आणि ते बोलावणे कोणत्या कागदावर आहे? तक्रार अर्जाच्या चौकशीसाठी आलेला माणूस, साक्षीदार म्हणून आलेला माणूस आणि आरोपी म्हणून आलेला माणूस हे तिघेही पोलीस ठाण्यात एकाच बाकावर बसतात, पण कायद्यात त्यांच्या जागा फार वेगळ्या आहेत. कोणी कशाचे उत्तर द्यायला बांधील आहे, कोणाला उठून घरी जाता येते आणि कोणाला अटक होऊ शकते, हे सारे त्या जागेवरून ठरते. फोनवरच्या आवाजावरून यातले काहीच कळत नाही, म्हणून माझ्या पुढच्या सल्ल्यातला बराच भाग ‘असे असेल तर’ या शब्दांनी सुरू होईल, त्याला इलाज नाही.

मालकाने अजून नुसता लेखी अर्ज दिलेला असेल, तर पोलीस ज्याला ‘अर्ज चौकशी’ म्हणतात ती चालू असेल. व्यापारी व्यवहारातून आलेल्या तक्रारींत गुन्हा नोंदवण्यापूर्वी अशी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात ठेवलेली आहे, आणि या टप्प्यावर सहसा अटकेचा प्रश्न येत नाही. गुन्हा नोंदला गेला असेल तर संवेदनशील प्रकरणे वगळता त्याची प्रथम खबर (एफआयआर) २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणे आणि तारीख घालून ती शोधता येते. ताईंनी हे काम सोमवारची वाट न पाहता आजच करावे, कारण त्या दोन पानांत कोणती कलमे लावली आहेत आणि भावाचे नाव आरोपीच्या रकान्यात आहे की नाही, हे दोन्ही कळते.

गुन्हा नोंदला गेला आहे असे धरून पुढे जाऊ, कारण तयारी नेहमी वाईट शक्यतेची करावी लागते. नोकराने मालकाच्या पैशाचा अपहार केला या आरोपासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६(४) लागते आणि त्याच्या जोडीला बहुतेक वेळा फसवणुकीचे ३१८(४) लावले जाते. दोन्हींना जास्तीत जास्त ७ वर्षांची शिक्षा आहे, आणि दोन्ही गुन्हे दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतील असे, व अजामीनपात्र आहेत. तूट १ जुलै २०२४ पूर्वीच्या व्यवहारांतली असेल तर गुन्ह्याची कलमे जुन्या दंड संहितेची, म्हणजे ४०८ आणि ४२०, लागतील. तपासाची पद्धत मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणेच चालेल. ‘अजामीनपात्र’ हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते, म्हणून सांगतो, की त्याचा अर्थ जामीन मिळत नाही असा नसून तो हक्काने पोलीस ठाण्यातच मिळत नाही, न्यायाधीशाकडे मागावा लागतो, एवढाच आहे.

आता ७ वर्षे हा आकडा भावाच्या कामाचा आहे. ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांना वाटले म्हणून अटक करता येत नाही. आरोपी पळून जाईल, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांवर दबाव आणील किंवा त्याच्याशिवाय तपास नीट होणारच नाही, अशी काही कारणे असतील तर ती लेखी नोंदवून मगच अटक करायची असते. तशी गरज नसेल तर सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. जुन्या कायद्यात हेच कलम ४१-अ होते, आणि २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की हे न पाळणारा अधिकारी खातेनिहाय कारवाईला आणि न्यायालयाच्या अवमानाला पात्र राहील. नोटिशीप्रमाणे जो हजर राहतो आणि राहत जातो, त्याला अटक करायची तर पुन्हा वेगळी कारणे लिहावी लागतात. जो हजर राहत नाही, तो स्वतःच्या हाताने पोलिसांना ते कारण पुरवतो. फोन बंद करून गावी निघून जाण्याचा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांचे ऐकून मी सोप्यात सोपी प्रकरणे बिघडलेली पाहिली आहेत.

ही नोटीस कागदावर आणि हातात मिळायला हवी. व्हॉट्सअॅपवर किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवलेली अशी नोटीस चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. साक्षीदाराला बोलावतानाही लेखी आदेशच लागतो, आणि साक्षीदार महिला, १५ वर्षांखालील मूल किंवा ६० वर्षांवरील व्यक्ती असेल तर तिला पोलीस ठाण्यात बोलावताच येत नाही, पोलिसांनी घरी यायचे असते. (ताईंनाही ‘तुम्ही पण या’ असे सांगितले गेले, तर हे लक्षात ठेवावे.) फोन आला म्हणून अरेरावीने ‘आधी नोटीस पाठवा, मग बघू’ असे उत्तर द्यावे असे मात्र मी सुचवत नाही. कायद्याने ते बरोबर असले तरी मुंबईतल्या पोलीस ठाण्यांत एकेका तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर कामाचा एवढा ढीग असतो, की तो फोन बऱ्याचदा निव्वळ सवयीने केलेला असतो, आणि नम्रपणे मागितली तर नोटीस मिळते. ती कशी मागावी हे शेवटी सांगतो.

वडिलांच्या मताबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण भल्या माणसांचे सर्वांत जास्त नुकसान याच मताने होते. ‘खरे बोलायचे आहे तर घाबरायचे कशाला’ हे घरात ठीक आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेला एक लेखापाल असाच, कोणाला न विचारता, सगळ्या वह्या पिशवीत घालून पोलीस ठाण्यात ‘समजावून सांगायला’ गेला होता. चार तासांनंतर थकव्याने तो एवढेच बोलला की एका पक्षाची जमा मी दुसऱ्या महिन्यात दाखवली, कारण पावती पुस्तक संपले होते. ते वाक्य कागदावर ‘मी जमा रकमा पुढील महिन्यात फिरवीत असे’ असे उतरले. बोलणारा खोटे बोलला नव्हता, आणि लिहिणाऱ्यानेही कदाचित मुद्दाम काही केले नसेल. पण त्या एका ‘फिरवीत’ या क्रियापदाचा खुलासा करण्यात आमची पुढची तीन वर्षे गेली, कारण ते वाक्य न्यायालयात पुरावा नसले तरी तपासाची सारी दिशा त्यावरून ठरली होती.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि तपासात विचारलेल्या ज्या प्रश्नाच्या उत्तराने माणूस गुन्ह्यात अडकेल, त्याचे उत्तर देणे सुरक्षा संहितेचे कलम १८०ही बंधनकारक ठरवत नाही. तपासातल्या जबाबावर सही घेता येत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही, आणि हे एवढे ऐकून लोक निर्धास्त होतात. पण त्याच कलमात एक खिडकी उघडी आहे: कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. शिवाय मौनाचा हक्क हस्ताक्षराला लागू नाही. हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी १९६१ मध्येच ठरवले आहे, आणि तो खटला तेव्हाच्या मुंबई राज्याचाच होता. व्हाउचरवरच्या सह्यांचा वाद असेल तर भावाला नमुने देण्याची वेळ येईल. त्याला नकार देऊन काही साधणार नाही.

मग काहीच बोलू नये का? अपहाराच्या प्रकरणात माझे मत तसे नाही, आणि या मुद्द्यावर माझे काही वकील मित्र माझ्याशी भांडतात. पैसे नोकराच्या हाती सोपवले होते हे एकदा सिद्ध झाले, की त्या पैशांचे काय झाले याचा खुलासा न्यायालय त्याच्याकडून अपेक्षिते, आणि खुलासा खोटा निघाला किंवा दिलाच नाही तर त्यावरून अप्रामाणिकपणाचा निष्कर्ष निघू शकतो. त्यामुळे पूर्ण मौन ही दरवेळी ढाल ठरत नाही. मी अशा अशिलाकडून त्याचे म्हणणे घरी शांतपणे, कागदपत्रे समोर ठेवून, तारखांसह लिहून घेतो, स्वतःच्या नजरेखालून घालतो आणि ते लेखी निवेदन म्हणून तपास अधिकाऱ्याला देतो. तोंडी प्रश्नांना मग ‘माझे म्हणणे निवेदनात दिले आहे’ हे उत्तर पुरते. काय लिहावे आणि काय गाळावे हे मात्र कागद पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. वसुलीची रक्कम किती वेळा रोख, किती वेळा यूपीआयने येई, तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे असे, मालकाचा मुलगा गल्ल्यातून पैसे उचलताना चिठ्ठी ठेवी का, अशा बारीक गोष्टींत भावाचा खरा बचाव दडलेला असतो. हिशेबात तूट असणे आणि ती रक्कम अमुक माणसाने अप्रामाणिक हेतूने स्वतःकडे वळवणे, यांत मोठे अंतर आहे; ते अंतर सरकार पक्षाला पुराव्याने भरून काढावे लागते. फसवणूक आणि अपहार हे दोन्ही गुन्हे एकाच व्यवहारात एकत्र नांदू शकत नाहीत, कारण एकात सुरुवातीपासूनच खोटा हेतू लागतो आणि दुसऱ्यात विश्वासाने दिलेली वस्तू नंतर लाटलेली असते, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सांगितले आहे. दोन्ही कलमे तरीही एकत्र लावली जातात, आणि वकिलाला तो पहिला धागा सापडतो.

भावाच्या मोबाइलमधले मालकाशी झालेले संदेश, बँकेचे उतारे, वसुलीच्या डायऱ्या यांतले काहीही पुसू नये, फाडू नये. गैरसोयीचे वाटणारे संदेशसुद्धा पुसू नयेत. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे, शिवाय तेच अटकेचे लेखी कारण होते.

आता मालकाने लिहून घेतलेला कागद. तो पोलिसांपुढे लिहिलेला नाही, त्यामुळे पोलिसांपुढच्या कबुलीवरची बंदी त्याला लागू होत नाही. तो न्यायालयात येऊ शकतो. अशी न्यायालयाबाहेरची कबुली हा मुळात कमकुवत पुरावा मानला जातो, आणि ती धाकाने किंवा आमिषाने काढलेली असेल तर बाद होऊ शकते, मात्र मालकाला कायद्याच्या अर्थाने ‘अधिकारस्थानी असलेली व्यक्ती’ मानायचे का, हे त्या दिवशीच्या परिस्थितीवर अवलंबून राहते. म्हणून तो दिवस आज आठवणीत ताजा असतानाच लिहून काढावा: किती वाजता बोलावले, खोलीत कोण कोण होते, दार बंद होते का, मजकूर कोणी सांगितला, फोन काढून घेतला होता का. लिहून दिले ते माझ्या इच्छेने नव्हते, असे पत्र भावाने मालकाला वकिलामार्फत लवकर पाठवावे. महिन्यांनंतर केलेला असा इन्कार मागाहून सुचलेला वाटतो.

पैसे देऊन मिटवण्याबद्दल विचारले आहे. हे गुन्हे न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटवता येतात, आणि गुन्हा नोंदल्यानंतरही दोन्ही पक्षांच्या संमतीने मुंबई उच्च न्यायालयाकडून तो रद्द करून घेता येतो, त्यामुळे तडजोडीचा रस्ता पुढेही खुला राहतो. आज घाईने रक्कम दिली तरी गुन्हा मागे घेणे मालकाच्या एकट्याच्या हातात नाही, आणि दिलेली रक्कम कबुलीसारखी दाखवली जाईल. त्याहून वाईट म्हणजे कोरे धनादेश आणि कोरा मुद्रांक कागद. तारण म्हणून दिलेला धनादेश वटला नाही, की परक्राम्य संलेख (चेक) कायद्याच्या कलम १३८ चा दुसरा खटला उभा राहतो, आणि तिथे धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला होता असे कायदा गृहीत धरतो. ते खोडण्याचे ओझे भावावर येते. ‘साहेबांसमोर चेक द्या, इथेच मिटवू’ असे कोणी म्हणाले, तर वकिलाशी बोलून सांगतो एवढेच उत्तर द्यावे. जामीनसुद्धा रक्कम भरण्याच्या हमीवर देऊ नये, त्याचा निर्णय गुणदोषांवरच व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्व न्यायालयांना बजावले आहे. त्यामुळे जामिनासाठी आईचे दागिने आधीच गहाण ठेवायला धावू नये.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली करतात. दक्षिण मुंबईतल्या पोलीस ठाण्यासाठी तो फोर्टच्या सत्र न्यायालयात जातो. पश्चिम उपनगरांतल्या बऱ्याच ठाण्यांचे काम दिंडोशीला चालते. गुन्हा नोंदलेला असेल, भावाचे नाव आरोपी म्हणून असेल आणि नोटीस मिळालेली नसेल, तर मी सोमवारच्या आधीच अर्जाची तयारी करून ठेवीन आणि सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, येईपर्यंत अंतरिम संरक्षण मागेन. नोटीस मिळालेली असेल तर काही न्यायाधीश म्हणतात, की अटक करायचीच नाही तर भीती कसली, आणि अर्ज निकाली काढतात; अशा वेळी अटकेपूर्वी काही दिवसांची लेखी सूचना देण्याची हमी पोलिसांकडून नोंदवून घेतली, तरी काम होते. नुसती अर्ज चौकशी असेल तर घाईने केलेला अर्ज उलट अंगावर येऊ शकतो, कारण तो फेटाळला गेला की आता अटक करायला हरकत नाही असा त्याचा अर्थ तपास अधिकारी लावतो. ही निवड माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत नाजूक आहे.

एवढे करूनही अटक झालीच, तर त्या काही तासांत घरच्यांनी काय पाहायचे ते सांगतो. अटकेचा पंचनामा करताना घरातल्या किंवा परिसरातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि अटकेची खबर नातेवाइकाला द्यावी लागते. अटकेची कारणे लेखी, आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत, द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितले, की हे सर्व प्रकारच्या गुन्ह्यांना लागू आहे, आणि लगेच देणे शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याच्या दोन तास आधी ती लेखी द्यावीत. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क सुरक्षा संहितेचे कलम ३८ देते, पण सगळा वेळ वकील शेजारी बसेल असे ते म्हणत नाही. वैद्यकीय तपासणी होते तेव्हा अंगावरची प्रत्येक जुनी-नवी खूण डॉक्टरांना सांगावी. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावेच लागते. ‘अटक नाही, नुसते बसवून ठेवले आहे’ हे वाक्य मुंबईत फार ऐकू येते. कायद्यात बसवून ठेवणे नावाची अवस्थाच नाही. माणसाला उठून जाता येत नसेल तर त्याचे स्वातंत्र्य गेले, मग कागदावर अटकेची वेळ कोणतीही पडो. त्यामुळे भाऊ आत गेल्याची वेळ घरच्यांनी घड्याळ पाहून टिपून ठेवावी. रात्री उशिरापर्यंत परत आला नाही तर त्याच वेळी वकिलामार्फत नियंत्रण कक्षाला आणि वरिष्ठ निरीक्षकांना संदेश पाठवावा. रात्रभर जागे ठेवून जबाब घेण्याच्या पद्धतीवर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ईडीच्या एका प्रकरणात कडक शब्दांत नाराजी नोंदवली आहे.

रिमांडच्या वेळी न्यायदंडाधिकारी आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ दहातले नऊ आरोपी मान खाली घालून ‘नाही साहेब’ म्हणतात, कारण ज्यांच्याविरुद्ध बोलायचे ते हातभर अंतरावर उभे असतात. ते ‘नाही’ न्यायालयाच्या रोजनाम्यात उतरते आणि नंतर खोडता येत नाही. मारहाण, उपाशी ठेवणे, कोऱ्या कागदावर सह्या, काहीही झाले असेल तर तेच एक मिनिट ते सांगण्याचे आहे. वकील करण्याची ऐपत नसेल तर तेही तिथेच सांगावे. आरोपी पहिल्यांदा समोर येतो तेव्हा त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या अपिलात लिहिले. ज्या खटल्याने सारी मुंबई होरपळली होती, त्याच निकालात हा हक्क इतक्या स्पष्टपणे मांडला गेला, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. कोठडीतल्या व्यक्तीला आणि महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

या गुन्ह्यात पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त होऊ शकत नाही, मात्र नव्या संहितेप्रमाणे ती पहिल्या ४० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हक्काने मिळतो, पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याच्या आधी मागावा लागतो. रिमांडचा पहिला दिवसही मोजायचा, हे २०२३ पासून पक्के झाले आहे. जामीन मिळाल्यावर जामीनदार मिळेपर्यंत काही आठवडे रोख रक्कम भरून सुटका करून घेण्याची परवानगी मुंबईत बऱ्याचदा मिळते. न्यायालयाबाहेर घुटमळणारे भाडोत्री जामीनदार घेऊ नयेत. त्यांच्या खोट्या कागदांपायी आरोपी दुसऱ्या गुन्ह्यात अडकतो.

सोमवारचे आता सांगतो. भावाने जावे, वेळेवर जावे आणि वकिलाबरोबर जावे. वकील आणला म्हणून कोणी जास्त संशय घेत नाही. पोलीस रोजच वकिलांशी बोलतात, आणि वकील बरोबर असला तर त्या खोलीतली भाषा निदान दोन पायऱ्यांनी सौम्य होते. जाताना एक साधे पत्र न्यावे: ‘अमुक तारखेला आलेल्या फोनप्रमाणे मी आज अमुक वेळी हजर झालो आहे, तपासाला सहकार्य करण्यास तयार आहे, मला कोणत्या कलमाखाली व कोणत्या प्रकरणात बोलावले आहे याची लेखी नोटीस मिळावी, आणि पुढेही बोलावल्यास मी हजर राहीन.’ खाली पत्ता, फोन आणि सही, दोन प्रतींत. एक प्रत द्यावी आणि दुसरीवर पोलीस ठाण्याचा आवक शिक्का व वेळ घ्यावी. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि पोलीस ठाण्याच्या ईमेलवर पाठवावे. पुढे कधी ‘आरोपी सहकार्य करत नाही’ असे रिमांड अर्जात लिहून आले, तर त्याला उत्तर म्हणून हे अर्धे पान पुरते. शिक्का मारलेली प्रत मात्र ताईंनी लगेच स्वतःकडे घेऊन बाहेर थांबावे. ती भावाच्या खिशात राहू देऊ नये, कारण अटक झालीच तर अंगझडतीत खिशातले सगळे कागद आधी पोलिसांच्या ताब्यात जातात.